आरोग्यासाठीचा परवाना

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो हे पुष्कळांना ठाऊक असते. तो कशासाठी मिळतो हे फार थोडे वाचतात. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालच्या परवान्यात कारण दिलेले असते ते आरोग्य राखण्याचे! एका दिवसाचा परवाना तर दुकानातच मिळतो, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. याच राज्यात कर्करोगाच्या वेदनेवर गांजाचा उपयोग करू पाहणाऱ्या रुग्णाला असा कागद नाही.

मी साकीनाक्याला राहतो. कायद्याची पुस्तके वाचणारा म्हणून आसपासचे लोक कागद घेऊन येतात. गेल्या वर्षी एका शेजाऱ्याने आजारी पत्नीसाठी मागवलेली तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली. "दादा, ही घरात ठेवली तर पोलीस येतील का?"

उत्तर झाडाच्या कुठल्या भागात आहे, यावर अवलंबून आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून पानांची भांग केंद्राच्या या कायद्यात बसत नाही. तिच्यावर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण. आयुर्वेदात ती विजया. औषध नियमावलीच्या ई-१ अनुसूचीत ती विषारी द्रव्यांत मोडते, आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा वेष्टनावर असावा लागतो. शेजाऱ्याच्या बाटलीवर तो होता, उत्पादन परवान्याचा क्रमांक होता, 'पानांचा अर्क' हे शब्दही होते. सगळा भार त्या 'पानांचा' या एका शब्दावर! वैद्यांची चिठ्ठी मात्र नव्हती. ती घ्या आणि बिलासोबत जपून ठेवा, असे मी सांगितले.

शेंड्यांची गोष्ट वेगळी. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या लेखी 'अल्प प्रमाण'. तरी शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेच्या त्या कलमात आजाराचा उल्लेख नाही. आणि औषधी गुण दिसला तो गांजातच. ओशॉनेसी या डॉक्टरांनी १८३९मध्ये कलकत्त्यात लहान मुलाच्या आचक्यांवर गांजाचा अर्क वापरल्याचे लिहिले. बालवयातल्या तीव्र अपस्मारावर याच झाडातल्या कॅनाबिडिऑलच्या औषधाला अमेरिकेने मान्यता दिली ती २०१८मध्ये.

आपला कायदा आंधळा आहे असेही नाही. कलम ८ची बंदी वैद्यकीय व शास्त्रीय कारणे सोडून आहे. कलम २मध्ये 'औषधी कॅनाबिस'ची, म्हणजे अर्क किंवा टिंक्चरची, व्याख्याही दिली आहे. वेदनेसाठी हा कायदा हलतो, हेही दिसले आहे: मॉर्फिनसाठी राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने गोळा करताना रुग्णालये थकत, म्हणून २०१४च्या दुरुस्तीने अत्यावश्यक औषधांचे नियम देशभर एकसारखे केले. २ डिसेंबर २०२०ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला सर्वांत कडक अनुसूचीतून काढले. मते २७ विरुद्ध २५. भारताचे मत काढण्याच्या बाजूने.

हे सगळे दिल्लीचे काम, असे सर्रास म्हटले जाते. पण कलम १०प्रमाणे चरस वगळता गांजाची लागवड, उत्पादन आणि बाळगणे यांना परवानगी देण्याचा व त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. दारूच्या परवान्याचे नियमही राज्यानेच केले. दोन्हींचा पत्ता एकच, मंत्रालय.