घरच्या यंत्राचा वाटा

परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होमच्या शास्त्रज्ञांनी अखेर आपला हिशेब मांडला. लाखो लोकांच्या संगणकांनी एकवीस वर्षं आकाशातल्या रेडिओ लहरी चाळल्या. त्यातून निघालेल्या सुमारे १२ अब्ज नोंदी गाळत गाळत शंभरेक उरल्या, आणि त्या जागांकडे आता चीनच्या फास्ट दुर्बिणीतून पुन्हा बघणं सुरू आहे. ही बातमी मी नागपुरातल्या काही तरुण अभियंत्यांना उत्साहानं सांगितली. त्यांनी विचारलं, "घरच्या संगणकावर? कशाला?" तो प्रश्न मनाला लागला.

सेटीची सुरुवात झाली १७ मे १९९९ रोजी, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीनं टिपलेलं सारं चुंबकीय फितींवरून टपालानं तिथे यायचं आणि त्याचे बारीक तुकडे करून जगभर वाटले जायचे. एका तुकड्यात १०७ सेकंदांच्या नोंदी, आकार जेमतेम ३४० किलोबाइट. इतका लहान असल्यामुळेच तो टेलिफोनच्या तारेवरून नागपूरपर्यंत पोचू शकला. अनेक प्रोसेसर जोडून मोठं गणित सोडवणं आपल्याला नवं नव्हतं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपुरातच अभियांत्रिकी शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला तो याच तत्त्वावर. पण परम पुण्यात, संस्थेच्या दाराआड. सेटीचा तुकडा माझ्या टेबलावर होता.

पुढची चार-पाच वर्षं सांगण्यासारखी नाहीत. खरा काळ २००५ ते २०१५. बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, आणि उबुंटू लिनक्सच्या सीड्या परदेशातून घरपोच, फुकट येऊ लागल्या. बॉइंक नावाची नवी व्यवस्थाही रुळली होती. एकदा ती बसवली की सेटी, हवामानाचं गणित, आइनस्टाइन ॲट होम, हवा तो प्रकल्प जोडता यायचा. लिनक्सवर हे काम विलक्षण नेटकं होई. टर्मिनलमध्ये एक आज्ञा दिली की बॉइंक सेवा म्हणून बसे. यंत्र सुरू होताच, कुणी लॉग-इन न करताही, सर्वांत खालच्या प्राधान्यानं ती गणित करू लागे. मॉनिटर काढून ठेवला तरी चाले. जुन्या पेंटियमवर विंडोज धापा टाकत असताना तेच यंत्र लिनक्सवर दिवसचे दिवस अडखळत नसे.

नागपुरात हे चालवायचं तर दोन गोष्टींशी गाठ होती. पहिली भारनियमन. वीज गेली की यंत्र मरायचं. म्हणून बायॉसमध्ये 'वीज परतताच सुरू हो' अशी सोय करून ठेवायची. फाइल व्यवस्था ईएक्सटी३ची, म्हणजे डिस्क तपासण्यात अर्धा तास जात नसे. बॉइंक थोड्याथोड्या वेळानं झालेलं काम डिस्कवर टिपून ठेवे, त्यामुळे तीन तासांच्या अंधारानंतरही गणित जवळपास तिथूनच पुढे जाई. दुसरी गोष्ट मे महिना. पारा ४५च्या पुढे आणि खोलीत कूलरची दमट हवा. तेव्हा कॅबिनेटची एक बाजू काढून ठेवायची, पंख्यावरची धूळ झाडायची आणि बॉइंकला फक्त मध्यरात्र ते पहाट एवढीच मुभा द्यायची. हिवाळ्यात मात्र चोवीस तास.

शेजारचे काका विचारायचे, "एवढी वीज कायले जाळून राहिला रे?" शंभर वॅटचं यंत्र दहा तास चाललं की एक युनिट, माझ्या खिशातून जाणाऱ्या त्या युनिटाचा मला आजही अभिमान आहे. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. इथल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रांगेनं लावलेली यंत्रं रात्रभर रिकामी, स्क्रीनसेव्हर दाखवत उभी असायची. त्यांवर बॉइंक बसवू द्या म्हणून मी आणि तिथलीच काही मुलं अर्ज घेऊन गेलो. "अभ्यासक्रमात नाही," एवढंच उत्तर मिळालं. त्या मुलांच्या हातून काय हिरावलं गेलं, हे २०१० च्या ऑगस्टमध्ये कळलं. आइनस्टाइन ॲट होमनं अरेसिबोच्या नोंदींतून नवा पल्सार तारा शोधला: सुमारे १७,००० प्रकाशवर्षं दूर, सेकंदाला ४१ फेरे घेणारा. तो सापडला आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या संगणकावर, आणि त्यांचं श्रेय जगापुढे नावानिशी मांडलं गेलं. तोच प्रकल्प माझ्या यंत्रावरही चालू होता. त्या रात्री मला झोप आली नाही. असा तुकडा नागपुरातही पडू शकला असता.

मग फोन आले, घरचे संगणक अडगळीत गेले. ३१ मार्च २०२० ला, आपण टाळेबंदीत असताना, सेटीनं तुकडे पाठवणं थांबवलं. त्याच महिन्यात कोरोनाच्या प्रथिनांसाठी फोल्डिंग ॲट होमवर इतकी माणसं लोटली की त्यांची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली. शेवटचा भर तोच. २०२१ मध्ये आयबीएमनं आपलं असंच जाळं, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड, टोरंटोच्या संस्थेकडे सोपवलं. आज महागडी ग्राफिक कार्डं घरात आहेत, पण ती खेळासाठी. मोठं गणित कंपन्यांच्या गोदामांत चालतं आणि आपण त्याचं भाडं भरतो. विज्ञानात सामान्य घराचा जो वाटा होता तो कुणी हिसकावला नाही. आपणच सोडला, आणि हे मला सहन होत नाही.

आइनस्टाइन ॲट होम अजून चालू आहे. ते लायगो या वेधशाळेच्या नोंदींमध्ये फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधतं. त्या अजून कुणालाच सापडलेल्या नाहीत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधरांनी असले क्षीण संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धतींवर दशकानुदशकं काम केलं. २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला उभी राहायची आहे. विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आजही संध्याकाळी कुलूपबंद होतात. तिथली यंत्रं माझ्या पेंटियमच्या कितीतरी पट वेगवान आहेत. किल्ली द्या, लिनक्स मी येऊन बसवून देतो.