फुटक्या फरशीचं भिंतचित्र

गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवतात ते ऊन परतवायला आणि गळती रोखायला. पुण्यात जन्मलेल्या वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींना त्यात रूपही दिसलं. अहमदाबादच्या ‘संगाथ’ या त्यांच्या कार्यालयाची कमानदार छतं अशाच तुकड्यांनी मढलेली आहेत. ‘अमदावाद नी गुफा’चे घुमटही तसेच, आतली चित्रं मात्र पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांची. चंडीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्यांमधून अख्खं उद्यान उभारलं, १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

अशा तुकड्यांचं भिंतचित्र शाळेलाही परवडतं. टाइल्सच्या दुकानातला तुटका माल बहुधा फुकट मिळतो. टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायची, तीही मोठ्यांनी, डोळ्यांवर चष्मा लावून. धारदार कडा घासून घ्यायच्या. मुलांना थेट भिंतीपाशी उभं करू नये. चित्राचे भाग पाडून प्रत्येक वर्गाने आपला भाग टेबलावर फायबरच्या जाळीवर चिकटवावा. मग गवंडी त्या जाळ्या टाइल अ‍ॅडहेसिव्हने भिंतीवर बसवतो. शेवटी सांधे भरून ओल्या स्पंजने पुसायचं. भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा, नाहीतर तुकडे सुटतात.

चित्राचा विषय शोधायला पाटस गावातल्या शाळेला लांब जायला नको. तुकोबांची पालखी गावातूनच रोटी घाटाकडे जाते. टाळ, पताका, तुळशीवृंदावन हे ठळक आकार तुकड्यांत छान उतरतात. चेहरे उतरत नाहीत, त्यांच्या नादी लागू नये.