दारातला स्पीकर बदलताना वॅट नव्हे, माप पाहा

गाडीच्या दारातील स्पीकर फरफर करू लागला की ग्राहक दुकानात येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचा आहे?" दुकानदारही खोक्यावरचा मोठ्यात मोठा आकडा त्याच्यापुढे ठेवतो. सौदा पाच मिनिटांत होतो. महिनाभरात तोच ग्राहक परत येतो. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला आहे, दार थरथरते आहे किंवा काच खाली घेताना मध्येच अडते आहे. पैसे ग्राहकाचे जातात आणि नाव दुकानदाराचे.

दिवसाचे आठ-दहा तास गाडीत काढणारा टुरिस्ट चालक असो की गावोगावी माल पोचवणारा छोटा व्यापारी, त्याला चांगला आवाज हवा असतो. पण त्यासाठी खर्च करण्याची ऐपत मर्यादित असते. अशा ग्राहकाला काय द्यावे आणि त्याने काय मागावे, हे आम्ही येथे सांगत आहोत. गाडीतील टेपची ताकद, दारातील जागा आणि बसवण्याची रीत या तीन गोष्टी पाहूनच स्पीकर घ्यावा. खोक्यावरचा वॅटचा आकडा शेवटी पाहिला तरी चालतो.

आधी खात्री, मग खरेदी

स्पीकर खरोखरच गेला आहे का, हे प्रथम तपासावे. पुष्कळदा दोष वायरचा असतो. दार आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी नळीतून जाणारी वायर दाराच्या उघडझापीने आतल्या आत तुटते. दोन्ही दारांचे स्पीकर अदलाबदल करून पाहावेत. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर खराब. त्याच दारात राहिला तर वायर किंवा टेप खराब. मीटर असेल तर स्पीकर सुटा करून मोजावा. चार ओहमचा चांगला स्पीकर साधारण तीन ते चार ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिची तार तुटली असे समजावे.

कॉइल शाबूत असून फक्त कडेचा फोम झडला असेल, तर कोन बदलून देणाऱ्या कारागिराकडून तो दुरुस्त होऊ शकतो. मात्र स्पीकर हलक्या प्रतीचा असेल तर मजुरीच त्याच्या किमतीच्या वर जाते. हा हिशेब ग्राहकाला आधीच सांगावा.

वॅटचे खरे गणित

गाडीचे इंजिन चालू असताना टेपला सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. चार ओहमच्या स्पीकरवर हे गणित मांडले तर १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, म्हणजे जवळपास ५२ वॅट होतात. टेपवर "५० गुणिले ४" असे जे छापलेले असते, ते येथून आलेले आहे. परंतु आवाज फाटत नाही अशी सलग ताकद साध्या टेपमधून प्रत्येक स्पीकरला १५ ते २० वॅटच मिळते. या सलग ताकदीलाच आरएमएस म्हणतात.

यावरून ३०० किंवा ५०० वॅटच्या आकड्याची किंमत कळते. हा आकडा स्पीकर क्षणभर किती सोसेल ते सांगतो. आवाज किती निघेल ते सांगत नाही. वेगळा ॲम्प्लिफायर लावायचा नसेल तर ३० ते ५० वॅट आरएमएसचा स्पीकर पुरेसा आहे. ज्या खोक्यावर आरएमएस छापलेलेच नाही, तो माल घेताना दहा वेळा विचार करावा.

संवेदनशीलता आणि ओहम

कमी ताकदीच्या टेपसाठी वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा. एक वॅट ताकद दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे तो सांगतो. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी २० वॅट लागतात, तेवढाच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये देतो. तीन डेसिबलने ताकद निम्म्यावर येते. म्हणून ९० किंवा त्याहून अधिक आकड्याचा स्पीकर निवडावा.

येथे एक खोच आहे. काही खोक्यांवर एक वॅटऐवजी २.८३ व्होल्ट लिहिलेले असते. चार ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टवर दोन वॅट मिळतात, त्यामुळे आकडा तीन डेसिबलने फुगलेला दिसतो. तुलना करताना तेवढे वजा करावेत.

ओहम मात्र बदलू नये. टेप चार ओहमसाठी असेल तर चार ओहमचाच स्पीकर लावावा. दोन ओहमचा लावला तर टेप जास्त तापतो आणि जळण्याचा धोका असतो.

दाराचे माप

साडेसहा इंची, सव्वापाच इंची, चार इंची ही मापे नावापुरती समजावीत. दाराचा पॅड काढून तीन मापे घ्यावीत: भोकाचा व्यास, स्क्रूच्या छिद्रांमधील अंतर आणि आतील खोली. खोली नेहमी काच पूर्ण खाली घेऊन मोजावी, कारण मोठा मॅग्नेट काचेलाच अडतो. खोली थोडी कमी पडत असेल तर स्पीकरखाली प्लास्टिकची रिंग लावता येते. पण वर दाराच्या जाळीला तो टेकणार नाही, हेही पाहावे. कंपनीच्या मूळ रिंगा व कपलर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारात जुन्या मालात शोधावेत.

ट्विटर मधोमध बसवलेला टू-वे कोॲक्सियल स्पीकर कमी खर्चासाठी सर्वांत सोयीचा. त्यावर आणखी एक-दोन छोटे ट्विटर चिकटवले की थ्री-वे, फोर-वे म्हणून किंमत वाढते. आवाज त्या प्रमाणात सुधारतो असे नाही.

पाणी आणि बसवणी

दाराच्या आत पावसाचे पाणी काचेवरून उतरतेच आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे कधीही बुजवू नयेत. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकण्याची अनेक फिटरना सवय असते. तो पुन्हा नीट चिकटवला पाहिजे, नाहीतर पाणी गाडीच्या आत येते. आपल्याकडील पावसाळा पाहता दारासाठी साध्या कागदी कोनापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि फोमऐवजी रबराची कड असलेला स्पीकर घ्यावा. एमडीएफची रिंग ओल धरून फुगते, म्हणून प्लास्टिकची बरी.

स्पीकर आणि पत्रा यांमध्ये फोमची पट्टी लावून फट पूर्ण बंद करावी. फट राहिली तर मागचा आवाज पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस नाहीसा होतो. दोन्ही बाजूंच्या प्लस-मायनस वायर सारख्याच जोडाव्यात. टेपपासून सुट्या केलेल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावे. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचे टोक प्लसचे. कंपनीची वायर कापू नये, कपलर वापरावा. गाडी वॉरंटीत असेल तर हे विशेष पाळावे. बाजूची एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत दारातच सेन्सर असतो, त्याला हात लावू नये.

पैशाची वाटणी

समजा, ग्राहकाजवळ चार हजार रुपये आहेत. त्यांत चार दारांसाठी चार हलके स्पीकर बसवण्यापेक्षा पुढच्या दोन दारांसाठी एक चांगली जोडी घ्यावी. अडीच हजार जोडीसाठी, सात-आठशे रिंग, कपलर, फोम आणि दाराच्या पत्र्यावर चिकटवायच्या शीटसाठी आणि उरलेले मजुरीसाठी ठेवावेत. मागचे स्पीकर चालू असतील तर तसेच राहू द्यावेत. ऐकणारा पुढे बसलेला असतो.

दुकानदार बंधूंना आमची एक सूचना आहे. बिलावर स्पीकरचे माप, ओहम आणि आरएमएस लिहून द्या आणि ग्राहकासमोर काच वर-खाली करून दाखवा. ५०० वॅटचा शब्द देऊन विकलेला माल एकदाच विकला जातो. मोजून दिलेला स्पीकर मात्र त्या चालकाच्या स्टँडवरच्या आणखी चार गाड्या तुमच्या दुकानापर्यंत आणतो.