निवृत्तीची शिदोरी

घरांत कार्य निघालें म्हणजे सुपारीपासून शालूपर्यंत याद्या होतात, आणि एका दिवसाच्या सोहळ्याचा खर्च महिनाभर आधीं मांडला जातो. परंतु नोकरी संपल्यावर जीं पंचवीस-तीस वर्षें काढावयाचीं, त्यांची यादी बहुतेक घरांत कोणीच करीत नाहीं. "कांहीं तरी शिल्लक आहे, पुढें पाहतां येईल," एवढ्यावर विषय मिटतो. आमचा उभा जन्म मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेला. तेव्हां त्रैराशिकाइतकाच सोपा असा हा हिशेब वाचकांपुढें मांडण्याची आम्हांस परवानगी असावी.

पहिली गोष्ट ही कीं, आरंभ 'एक कोटी पुरतील काय ?' अशा गोल रकमेपासून करूं नये. तो घरखर्चापासून करावा. समजा, यजमानांचें वय ४८, गृहिणीचें ४४, आणि दोघांपुरता खर्च, औषधपाणी धरून, आज दरमहा ३०,००० रुपये आहे.

दुसरी गोष्ट महागाईची. रिझर्व्ह बँकेसाठीं महागाईचें उद्दिष्ट २०१६ सालीं ४ टक्के ठरलें व त्याची वरची मर्यादा ६ टक्के ठरली. शहाण्यानें वरचाच आंकडा धरावा. बहात्तरास टक्क्यांनीं भागलें म्हणजे रक्कम सुमारें किती वर्षांत दुप्पट होते तें कळतें. ६ टक्क्यांस बारा वर्षें. म्हणजे यजमान साठीस पोंचतील तेव्हां हाच संसार चालविण्यास दरमहा ६०,००० रुपये लागतील. वर्षाचे झाले ७ लक्ष २० हजार. पेन्शन किंवा घरभाडें येणार असेल, तर तें यांतून वजा करावें.

तिसरी गोष्ट वर्षांची. निवृत्तीनंतर कर वजा जातां व्याज महागाईइतकेंच सुटेल असें धरिलें, तर वर्षाच्या खर्चास वर्षांनीं गुणलें कीं झालें. पुष्कळ गृहस्थ स्वतःच्या ऐंशीव्या वर्षीं मोजणें थांबवितात. त्यांचें उत्तर येतें १ कोटी ४४ लक्ष. पण त्या दिवशीं पत्नी अवघी ७६ वर्षांची असते, आणि स्त्रियांचें सरासरी आयुष्य पुरुषांहून अधिक असतें. तिच्या ८६ व्या वर्षापर्यंत मोजलें तर उत्तर होतें २ कोटी १६ लक्ष. मधले ७२ लक्ष म्हणजे तिचीं एकटीचीं दहा वर्षें होत. एकटीचा खर्च कमी हें खरें, पण त्या वयांत शुश्रूषेचा खर्च वाढतो. तिनें तेव्हां हात कोणापुढें पसरावा ?

आतां तरतूद पाहूं. आजवरचे ५० लक्ष ८ टक्क्यांनीं बारा वर्षांत सुमारें १ कोटी २६ लक्ष होतील. राहिले ९० लक्ष. त्यांसाठीं त्याच दरानें दरमहा सुमारें ३७,५०० रुपये शिल्लक टाकावे लागतील. हेच ९० लक्ष चोवीस वर्षांत जमवावयाचे असते, तर दरमहा १०,४०० पुरते ! मुदत दुप्पट होतांच हप्ता चौथाईच्या जवळ येतो. घरांतील तरुणांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. ८ टक्के हा मात्र अंदाज आहे, हमी नव्हे.

मोठी ठेव ठेवली कीं निश्चिंत झालों, असेंही समजूं नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत एप्रिल २०२३ पासून ३० लक्ष ठेवतां येऊं लागले. त्या वेळच्या ८.२ टक्के दरानें महिन्याकांठीं सरासरी २०,५०० रुपये व्याज पडतें. परंतु मुद्दल तितकेंच राहिलें व सर्व व्याज खर्चून टाकलें, तर वरील महागाईनें बारा वर्षांनीं त्या व्याजांत निम्मेंच वाणसामान येईल. म्हणून आरंभींच्या वर्षांत व्याजाचा कांहीं भाग पुन्हां मुद्दलांत घालावा.

'मुलगे सांभाळतील' हा आंकडा वहींत कोठें लिहावा ? आमचें मत असें कीं, कोठेंच लिहूं नये. मुलें-सुना प्रेमानें करतील तें शिरोधार्य. पण हिशेबांत धरलेलें प्रेम लवकरच कर्तव्य होतें, आणि कर्तव्याचें ओझें होण्यास वेळ लागत नाहीं. एकत्र कुटुंबांत वडील मंडळींचा शब्द गोड राहावयाचा, तर त्यांची गांठ रिकामी असूं नये.

दरसाल वर्षप्रतिपदेस पतिपत्नींनीं हा हिशेब एकत्र बसून पुन्हां मांडावा. ठेवींच्या पावत्या कोठें आहेत, वारस म्हणून कोणाचें नांव लागलें आहे, हें गृहिणीस ठाऊक असलें पाहिजे. अखेरचीं वर्षें ज्या व्यक्तीस काढावयाचीं, तिलाच वही वाचतां येत नसेल, तर कोटींच्या रकमेचाही उपयोग काय ?