टांकसाळ चुकली की नाणं चेचलं?

कॅन्टीनमध्ये चहाचे पैसे देऊन उरलेली चिल्लर हातात येते आणि त्यात एक नाणं विचित्र दिसतं. एका बाजूने चपटं, आकडा अर्धा गायब, सिंहांच्या डोक्यावरून गेलेली रेघ. ग्रुपवर फोटो टाकला की दोन मिनिटांत कुणीतरी लिहितंच, ‘जपून ठेव भावा, लाखाला जाईल!’ मग ते नाणं पाकिटाच्या चोरकप्प्यात जातं, रात्री व्हिडिओ शोधले जातात आणि कुठल्याशा ‘खरेदीदारा’चा नंबर मिळतो. त्याला नाणं हवंच असतं. फक्त आधी तुम्ही नोंदणीचे थोडेसे पैसे भरायचे असतात.

तिथेच थांबा. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून शुल्क आणि कमिशन उकळलं जातंय, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता. बँक असले व्यवहार करत नाही आणि कुणाला करायलाही सांगत नाही. तेव्हा नंबर बाजूला ठेवा आणि आधी नाणं बघा. टांकसाळीत चुका होतात, त्या गोळा करणारे संग्राहकही आहेत. पण खिशातल्या ‘विचित्र’ नाण्यांपैकी बहुतेक नाणी टांकसाळीतून धडधाकट निघालेली असतात. त्यांची वाट लागते ती बाहेर, आपल्या हातात.

हा फरक ओळखायचा तर नाणं कसं बनतं ते माहीत हवं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्यांची कड दाबून उचलून घेतात. मग चकती एका कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये बसते आणि वरून-खालून दोन ठसे तिच्यावर एकदम आदळतात. छापा आणि काटा एकाच फटक्यात उठतात. टांकसाळीची चूक या साखळीतल्या कुठल्यातरी टप्प्यावरच झालेली असणार. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: हे त्या मशीनला करता आलं असतं का?

सिंहांच्या डोक्यावरची ती रेघच घ्या. तिच्यावरून नख फिरवा. रेघ उंच लागते की खोल? ठशात जे खोल असतं ते नाण्यावर उंच उठतं. ठसा हजारो फटके खाऊन तडकला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक, वेडीवाकडी, उंच रेघ येते. ही टांकसाळीची करामत. रेघ खोल असेल तर बहुधा ओरखडा. खरचटताना धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो. नांगराच्या तासाला कडेने माती चढते तसा ओरखड्याच्या काठाला बारीकसा वरंबा उभा राहतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तो स्पष्ट दिसतो. (अपवाद आहेच: चकती आणि ठसा यांच्यामध्ये दोरा किंवा तार अडकली तर तिचाही खोल ठसा उमटतो. पण तिथे असा वरंबा नसतो.)

आता अर्धा गायब आकडा. इथे वजनकाटा लागतो. सोनाराकडे असतो तसला छोटा चालेल. २०११च्या मालिकेत रुपया ३.७९ ग्रॅमचा, दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे, पाचाचं नाणं ६ ग्रॅमचं. चकती ठशाखाली सरकून बसली असेल तर एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते, चित्र अर्धंच उठतं, पण वजन पूर्ण भरतं. उलट चकती कापतानाच यंत्राने आधीच्या भोकावर घाव घातला तर नाण्याचा लचका तोडल्यासारखा दिसतो आणि वजनही कमी भरतं. अर्थात कानशीने घासलं तरी वजन कमीच भरणार! म्हणून लचक्याजवळची अक्षरं बघा. खऱ्या चुकीत ती लचक्याकडे जाताना पुसट, ताणल्यासारखी होतात आणि बरोबर समोरच्या बाजूची कडही बऱ्याचदा दबकी असते. कापलेल्या नाण्यात अक्षर ठणठणीत उठलेलं असतं आणि मध्येच तुटतं.

दहा रुपयांच्या नाण्याची तर वेगळीच गंमत. मधला पांढरा भाग फिरलेला, सिंह तिरके, असे फोटो ‘दुर्मिळ’ म्हणून फिरतात. पण बाहेरचं कडं आणि मधली चकती एकत्र ठेवून एकाच फटक्यात छापतात. त्यामुळे मधले सिंह आणि कड्यावरचे ‘भारत’, ‘इंडिया’ हे शब्द एकमेकांना धरूनच असायला हवेत. सिंह तिरके आणि शब्द जागेवर, याचा अर्थ कुणीतरी मधला भाग ठोकून काढला आणि पुन्हा बसवला. ठसाच फिरला असेल तर प्रत्येक बाजू स्वतःपुरती सरळ असते, फक्त दोन बाजूंचं आपसात जुळत नाही. सिंह सरळ धरून पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटा. मागचा आकडा ठळकपणे तिरका किंवा उलटा दिसला तर नाणं जपून ठेवण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ‘लखी’ नाण्यांत. छापून झालेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहतं, खाली नवी चकती येते आणि तिच्या एका बाजूवर ठशाऐवजी त्या नाण्याचीच उलटी, खोल प्रतिमा उमटते. हे घरी ‘बनवायला’ दोन नाणी शिकंज्यात दाबतात. मग खोल प्रतिमेखाली मूळचं चेपलेलं चित्र डोकावतं आणि दुसरी बाजूही सपाट होते. खऱ्या लखी नाण्याची दुसरी बाजू एकदम टवटवीत असते. रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं तर सांगायलाच नको. त्याचा लोहचुंबक होतो म्हणतात, तोही होत नाही. शिवाय २०११च्या कॉइनेज अॅक्टनुसार नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काही नाण्यांत तर चूकच नसते. सालाखाली चिन्ह नाही म्हणून ‘एरर’? ते कोलकात्याचं नाणं. मुंबईचा चौकट हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकाता चिन्ह लावतच नाही. वैष्णोदेवीची पाच-दहाची नाणी २०१२ची स्मारक नाणी आहेत, चूक नव्हे. सोनेरी रुपया मुलामा चढवलेला असतो. स्टीलच्या रुपयाला लोहचुंबक लगेच चिकटतो, कड घासली गेली की आतलं स्टील दिसतंच.

एवढ्या सगळ्यातून तुमचं नाणं पार पडलं तर ते चिंच, लिंबू किंवा टूथपेस्टने अजिबात घासू नका. चमक येते आणि संग्राहकाचा रस जातो. छोट्या प्लास्टिकच्या पुडीत ठेवा आणि नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन जाणकारांना दाखवा. बारीक तडा असेल तर फारसं काही मिळणार नाही, याची तयारी ठेवा. आणि ग्रुपवरच्या त्या भावाला फोटो पाठवायचाच असेल तर तीन पाठवा: दोन्ही बाजूंचे आणि कडेचा.