दुर्बीण घेताय? आधी ‘पट’ विसरा

खोक्यावर शनीचे रंगीत चित्र आणि त्याखाली ठळक आकडा : ५२५ पट. परीक्षा संपलेल्या असतात, मुलाने हट्ट धरलेला असतो, दुर्बीण घरी येते. रात्री सगळे गच्चीवर जमतात. सर्वांत जास्त पट देणारी नेत्रिका लावली जाते आणि दिसतो तो एक अंधूक, थरथरणारा ठिपका. नळीला हात लागला की तोही निसटतो. चार-आठ दिवसांत दुर्बीण माळ्यावर जाते. पैसे वाया गेल्याची रुखरुख असतेच, पण ‘आकाशात बघण्यासारखे काही नाही’ अशी मुलाची समजूत होते, हे नुकसान त्याहून मोठे. त्यातच सूर्य पाहण्यासाठी म्हणून खोक्यात छोटी काळी काच दिलेली असेल, तर प्रश्न थेट डोळ्यांवर येतो.

हे ५२५ येतात कुठून?

मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की पट मिळते. मुख्य भिंगाचे अंतर ७०० मिलिमीटर आणि नेत्रिका ४ मिलिमीटरची असेल तर १७५ पट. मध्ये तिप्पट करणारे ‘बार्लो’ भिंग बसवले की झाले ५२५. गणित बरोबर आहे, चित्र मात्र बिघडते. कारण दुर्बिणीत शिरणारा प्रकाश तेवढाच राहतो आणि तोच अधिकाधिक पसरवला जातो.

साधा नियम असा : भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच पट उपयोगी पडते. म्हणजे ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला जास्तीत जास्त १४०. त्यापुढे चित्र मोठे होते, पण नवे काहीच दिसत नाही. शिवाय ५२५ पटीला ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा प्रकाशझोत जेमतेम ०.१३ मिलिमीटर जाडीचा असतो. इतक्या बारीक झोतात ग्रहाऐवजी स्वतःच्याच डोळ्यात तरंगणारे ठिपके आणि धागे दिसू लागतात.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले, ते सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न ‘किती पट?’ असा नसावा, ‘व्यास किती आणि स्टँड कसा?’ असा असावा. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. ७० मिलिमीटरचे भिंग त्याच्या शंभर पट प्रकाश गोळा करते. वय वाढते तशी बाहुली कमी उघडते, म्हणून आजी-आजोबांना तर दुर्बिणीचा उपयोग अधिकच.

सोलापूरचे आकाश

पावसाचे चार महिने सोडले तर सोलापूरकरांना आकाश बरेचदा मोकळे मिळते. अडचण आहे ती शहराच्या दिव्यांची आणि उन्हाळ्यात तापलेल्या स्लॅबची. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिच्यावरची हवा हलते आणि दुर्बिणीत चंद्राची कड पाण्याखाली असल्यासारखी डुलते. अशा वेळी दोष दुर्बिणीचा नसतो. पहाटे पाहावे किंवा गच्चीऐवजी मोकळ्या जमिनीवर जावे.

म्हणूनच इथे सहज नेता येईल अशी दुर्बीण कामाची. अनेकांचे गाव बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडे असते. सुट्टीला जाताना जी पिशवीत घालून एसटीत मांडीवर ठेवता येईल, ती शेतातल्या अंधारात जे दाखवेल ते दुप्पट मोठी दुर्बीण शहरात दाखवणार नाही.

तीन पर्याय

पहिला, १० x ५० ची द्विनेत्री. दहा पट आणि ५० मिलिमीटरची भिंगे. वजन साधारण किलोभर. चंद्र, कृत्तिकांचा पुंजका, आकाशगंगेचा पट्टा यांसाठी उत्तम. नंतर मोठी दुर्बीण घेतली तरी ही अडगळीत जात नाही.

दुसरा, ६० ते ८० मिलिमीटरची आखूड नळीची भिंगाची दुर्बीण. हलकी, काळजी कमी. तेजस्वी वस्तूंच्या कडेला थोडी जांभळी झाक दिसते, ती चालवून घ्यावी लागते.

तिसरा, टेबलावर ठेवायची आरशाची ‘डॉब्सोनियन’ दुर्बीण, ७६ ते १३० मिलिमीटरची. अमेरिकेतील जॉन डॉब्सन यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना आकाश दाखवताना ही साधी, फिरत्या बैठकीची रचना लोकप्रिय केली. १३० मिलिमीटरचा आरसा ७० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे साडेतीन पट प्रकाश गोळा करतो. मात्र आरसे अधूनमधून जुळवावे लागतात आणि खाली ठेवायला भक्कम स्टूल लागते.

स्टँड डुगडुगता असेल तर चांगले भिंगही फुकट. शंभर पटीला हाताचा धक्काही शंभर पट दिसतो. दुकानात नळीला हलकी टिचकी मारून पाहावी, चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिर व्हायला हवे. ध्रुवाच्या दिशेने जुळवावा लागणारा ‘विषुववृत्तीय’ स्टँड नवख्याने टाळावा. सोलापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो, शहरात तो बरेचदा इमारतीआडच जातो. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा स्टँड पुरे.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावे. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत ही संधी मिळते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हौशी मंडळींसाठी काम करते आहे.

काय दिसेल, काय नाही

चंद्रावरची विवरे, गुरूचे चार चंद्र, शुक्राच्या कला हे सगळे लहान दुर्बिणीतून दिसते. शनीची कडी ३०-४० पटींना ओळखू येतात. २०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्याकडे कड करून होती, त्यामुळे जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आता ती वर्षागणिक अधिक उघडत जातील. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री नऊ-दहाला मृग नक्षत्र डोक्यावर येते. त्यातील तीन ताऱ्यांच्या बाणाखालचा तेजोमेघ पाहावा, तो धुरकट पांढरा दिसेल. छायाचित्रातले रंग शोधू नयेत. मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाइलचा पांढरा उजेड ती मेहनत क्षणात घालवतो, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावावा. फक्त जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो. तिरका नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवूनच पाहावे.

सूर्याशी खेळ नको

दुर्बिणीतून थेट सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. भिंग शेकडो पट प्रकाश डोळ्यात ओतते, दृष्टिपटल भाजते आणि तिथे वेदना जाणवत नसल्यामुळे इजा झाल्याचे नंतर कळते. नेत्रिकेवर बसवायची काळी काच खोक्यात असली तर ती फोडून टाकावी. एकवटलेल्या उष्णतेने ती पाहता पाहता तडकू शकते. सूर्यासाठी खास बनवलेला फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवावा लागतो, तोही भोक किंवा ओरखडा नाही हे दर वेळी तपासून. छोटी शोधक दुर्बीण झाकायला विसरू नये. दुर्बीण दिवसा लहान मुलांच्या हाती एकटी सोडू नये.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. दुर्बीण कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. भिंग रुमालाने पुसू नये.

पहिल्या रात्रीसाठी पौर्णिमा निवडू नका, त्या दिवशी चंद्रावर सावल्या नसतात आणि तो सपाट दिसतो. सोलापूरचेच दाते पंचांग उघडावे, शुक्ल सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ शोधावी आणि सर्वांत कमी पटीची नेत्रिका लावून अर्धा चंद्र पाहावा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतील. मुलगा डोळा काढायला तयार झाला नाही, तर खरेदी योग्य झाली असे समजावे.