घरबसल्या मिळकतीची पारख

खोपोलीला लागून असलेल्या साजगावात कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या मोठ्या बाजारामुळे लोकांनी ज्याला ‘बोंबल्या विठोबा’ असे नाव दिले, त्या देवाचे दर्शन आटोपून वर्षाची बेगमी करायला निघालेली गृहिणी बोंबील हातात घेते, वास पाहते, नीट सुकला आहे की नाही याची खात्री करते, शेजारच्या दुकानातला भाव विचारते, आणि एवढी खातरजमा झाल्यावरच कनवटीचा पैसा सोडते. परंतु घासाघीस करण्यात वाकबगार असलेली हीच माणसे, मोबाइलवर ‘घरबसल्या महिना तीस हजार’ असा मजकूर झळकला म्हणजे, ज्याचे तोंड कधी पाहिले नाही आणि ज्याचा ठावठिकाणा ठाऊक नाही अशा इसमाला ‘रजिस्ट्रेशन फी’ म्हणून पैसे पाठवून मोकळी होतात. असे प्रसंग आज महाराष्ट्रातल्या गावोगावी घडत आहेत. या विसंगतीचे कारण शोधणे आणि खऱ्या कामाची व खोट्या आमिषाची निश्चित कसोटी वाचकांच्या हाती देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे की, घरी बसून अर्थार्जन करणे ही मुळीच भ्रामक कल्पना नव्हे. सोलापूर आणि सिन्नर येथील सहस्रावधी स्त्रियांनी कारखान्यातून तेंदूची पाने व तंबाखू घरी आणून, विड्या वळून, हजारी दराने मिळालेल्या मजुरीवर संसार चालवले आहेत. आणि 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार म्हणून मान्यता दिली. मुंबईच्या गिरगावात 15 मार्च 1959 रोजी जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा सोबतिणींनी अवघे 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेत लाटणारी प्रत्येक भगिनी स्वतःच संस्थेची मालकीण मानली जाते. 2021 साली जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या सन्मानात घरोघरच्या पोळपाट-लाटण्याचाही वाटा होता.

या दोन्ही उदाहरणांत एक समान व्यवस्था आढळते. विडीचा कारखानदार पान-तंबाखू देतो, लिज्जतची संस्था भिजवलेले पीठ देते. कामकरीण आपले श्रम घालून तयार माल परत करते आणि मोबदला घेते. म्हणजे कच्चा माल देणारा ठाऊक असतो, तयार माल अखेर कोण विकत घेतो तेही ठाऊक असते, आणि पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे जातो. या कामात मजुरी बेताची असते, क्वचित अन्यायही होतो. पाने कमी पडली तर विडी कामगार स्त्रीला पदरचे पैसे घालून ती विकत आणावी लागतात, अशी तक्रार जुनीच आहे. तथापि ते काम खरे असते, आणि खऱ्या कामाची मजुरी कमी वाटली तरी ती हाती पडते.

खोट्या योजनांत हा प्रवाह नेमका उलटा असतो. पेन्सिली किंवा पेने डब्यांत भरून देण्याचे काम घ्या, असे सांगणारा आधी नोंदणीचे काही शे रुपये मागतो, मग ओळखपत्राचे, मग माल पाठवण्याच्या भाड्याचे, मग कराचे. आणि पेन्सिली मात्र कधीच येत नाहीत. दुसरा वाती किंवा द्रोण-पत्रावळी करण्याचे यंत्र भरमसाट किमतीला विकतो, ‘तुमचा सर्व माल आम्हीच घेऊ’ असा करारनामा लिहून देतो, आणि माल तयार झाला की प्रत हलकी असल्याचे निमित्त सांगून तो नाकारतो. त्याचा खरा धंदा वातींचा नसून यंत्रविक्रीचा असतो. तिसरा ‘डेटा एंट्री’चे काम देऊन, शेकडा नव्वद अचूकता साधली नाही या सबबीवर मजुरी बुडवतो आणि वर वकिलाच्या नावाने नोटीस धाडून दंडाची मागणी करतो. अशा नोटिशीने घाबरून पैसे भरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, करारभंगाचा वाद हा दिवाणी स्वरूपाचा असतो आणि त्यासाठी पोलीस बेड्या घेऊन दारी येत नाहीत.

सांप्रत सर्वांत घातक ठरला आहे तो ‘टास्क’चा प्रकार. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरून चित्रफितींना पसंती देण्याचे किंवा हॉटेलांना शेरे देण्याचे काम मिळते, आणि आरंभी शेदीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. विश्वास बसला म्हणजे मोठ्या मोबदल्यासाठी आगाऊ रक्कम भरायला सांगतात. पडद्यावर नफ्याचे आकडे फुगत जातात. आणि रक्कम काढायला गेल्यास आधी कर भरा, मग दंड भरा, असे सांगून उरलेसुरलेही काढून घेतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने असा व्यवहार करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली, तेव्हा गृह मंत्रालयाने स्पष्ट केले होते की, या जाळ्याचे सूत्रधार परदेशांतून काम करतात आणि निवृत्त कर्मचारी, स्त्रिया व बेकार तरुण हे त्यांचे मुख्य लक्ष्य असते. याच टोळ्या कमिशन देऊन सामान्य माणसांची बँक खाती वापरायला घेतात. त्या लोभाला बळी पडणाऱ्याचे खाते गोठवले जाते आणि फसलेला मनुष्य आरोपीच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

हा प्रकार केवळ अशिक्षितांनाच ग्रासतो असेही नाही. 2010-11 च्या सुमारास ‘स्पीक एशिया’ नामक कंपनीने घरी बसून संगणकावर सर्वेक्षणाचे प्रपत्र भरण्याचे काम देऊ केले होते. त्यासाठी 11,000 रुपये वर्गणी भरावी लागे आणि नवे सभासद आणणाऱ्यास अधिक लाभ मिळे. सुमारे 24 लाख लोक तिच्या नादी लागले. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला तेव्हा या सर्वेक्षणांना खरा ग्राहक कोण, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेना. आधीच्या सभासदांना नंतर आलेल्यांच्या पैशातून देणी देणाऱ्या योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे. परंतु लोभाला व गरजेला एकाच वेळी साद घालणारा मनुष्य कायद्यापेक्षा लवकर दारी पोचतो.

गरजेचा उल्लेख मुद्दाम केला. खोपोलीच्या परिसरातल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात कारखाने आहेत, मुंबईकडे जाणारी रेल्वे आहे. पण तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू सोडून पहाटेची गाडी पकडणे जिला शक्य नाही, तिने घरातच चार पैसे मिळवण्याचा मार्ग शोधला तर त्याला हाव म्हणणे अन्याय्य आहे. फसवणारा भांडवल करतो ते तिच्या अडचणीचे आणि स्वावलंबनाच्या इच्छेचे.

म्हणून कोणत्याही घरकामाचा प्रस्ताव आला असता चार प्रश्न विचारावेत. काम मिळण्यापूर्वी पैसे मागतात काय? मागत असतील तर तेथेच थांबावे. तयार मालाचा वा कामाचा अखेरचा ग्राहक कोण आणि त्याला त्याची गरज काय? काम देणाऱ्याची कचेरी कोठे आहे, आणि आधी काम करून मजुरी घेतलेली एखादी व्यक्ती प्रत्यक्ष भेटेल काय? आणि इतक्या सोप्या कामाला इतका मोबदला कोणता शहाणा व्यापारी देईल? ज्यांना उद्योगच करावयाचा आहे त्यांच्यासाठी गावचा बचतगट, बचतगटांना बळ देणारे ‘उमेद’ अभियान आणि या भागासाठी अलिबागचे जिल्हा उद्योग केंद्र हे अधिक संथ परंतु अधिक भरवशाचे मार्ग आहेत.

आणि फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते गोठवता येण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो. संदेश, पावत्या व खाते क्रमांक पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. ज्याला लोक आजही ‘चारसोवीस’ म्हणतात तो फसवणुकीचा गुन्हा जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 318 व्या कलमात आला आहे. घरच्यांनीही फसलेल्या सुनेला किंवा लेकीला दोष देऊ नये, कारण बोल लावला जाईल या भीतीने ती गप्प बसते आणि तिच्या मौनाच्या आडोशाने तोच भामटा शेजारच्या घरात शिरतो. खरे काम आपल्याला पैसे देते. जे काम आपल्याकडूनच आधी पैसे मागते, ते काम नव्हे, हे प्रत्येक घरात एकदा स्पष्टपणे बोलले जावे, एवढीच विनंती.